चौथा ट्रे

एकोणिसावं रोप उपटताना मालिनीबाईंचा हात थांबला. चिमटीतलं सुईएवढं हिरवं पातं त्यांनी उजेडात धरलं. मुळाशी बियाचं टरफल अजून चिकटलेलं होतं. काळपट टरफल, आणि त्याच्या टोकाला बोटभर लांब तांबूस कुसळ.

आधीची अठरा रोपं चिऱ्यावर ओळीने ठेवली होती. त्यांनी एकेक उचलून पाहिलं. बऱ्याचशांची टरफलं गळून मातीत राहिली होती, पण सहा-सात जागी ते कुसळ होतंच. चष्मा पुसून पुन्हा पाहायची गरज नव्हती. दर भाद्रपदात ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी हेच दाणे त्या ओटीवर बसून हाताने सोलत. ही कुसळं बोटांत शिरली की दोन दोन दिवस ठुसठुसतात.

सात वाजून गेले होते. तुळशीला पाणी घालून झालं होतं, परडीतली जास्वंद देवघरात जायची राहिली होती. परसातल्या सावलीला चार ट्रे मांडलेले होते. त्यांत शेजारच्या दर्शनाच्या खाचरातली माती होती, चार ठिकाणांहून आणलेली. दर्शनाची मुलगी स्वप्ना दापोलीला शेतकीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि हा तिचा अभ्यास होता. घरी कोंबड्या माती उकरतात म्हणून तिने ट्रे इथे आणून ठेवले. शिवाय बाईंचा नेम चुकत नाही हे सगळ्या वाडीला माहीत होतं. चौथीपर्यंत स्वप्नाला बाईंनीच शिकवलं होतं. शाळेच्या बत्तीस वर्षांत त्यांच्या हजेरीपटावर खाडाखोड सापडली नव्हती.

काम सोपं होतं. माती ओली ठेवायची, पण पाणी साचू द्यायचं नाही. रोज उगवलेली रोपं मोजायची, मोजली की उपटायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली जात नाहीत. दहा दिवसांनी माती खालीवर करायची. स्वप्नाने सांगितलं होतं, वरच्या थरातल्या बियांना उजेड मिळतो, ती आधी येतात. चार बोटं खाली गाडलेली तशीच झोपून राहतात, वर आली की मग जागी होतात. वैशाखाच्या तापलेल्या मातीत पडून त्यांची झोप हलकी झालेली असते, नुसत्या ओलाव्यानेही उठतात.

आणि मग तिने मुख्य गोष्ट सांगितली होती. पहिला ट्रे खळ्याकडच्या कोपऱ्यातला, दुसरा-तिसरा मधले, आणि चौथा अलीकडच्या बांधाजवळचा.

"हे तांबडं भात बियाण्यात मिसळून आलं असेल ना बाई, तर चारही ठिकाणी सारखंच उगवेल. कडेनं शिरलं असेल तर एका कडेला दाट येईल. बस, एवढंच बघायचंय."

त्या बांधाला लागूनच मालिनीबाईंची विहीर होती.

वहीत त्यांनी तारीख लिहिली. पहिला ट्रे, तीन. दुसरा, पाच. तिसरा, चार. चौथ्यासमोर पेन टेकवलं तेव्हा शाईचा एक ठिपका पडला. त्या ठिपक्यावरूनच त्यांनी आकडा काढला. चार.

चिऱ्यावरची रोपं त्यांनी मुठीत गोळा केली आणि चुलीत टाकली.

*

देवभात त्यांनी चार वर्षांपूर्वी लावला होता. ऋषीच्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे व्रत सासूबाईंनी त्यांच्या हाती दिलं होतं. त्या दिवशी परसातल्या कंदमुळांची भाजी आणि आपोआप उगवणारं भात, म्हणजे देवभात, एवढंच. पूर्वी कुणी ना कुणी तळ्यातून ओंजळभर देवभात आणून द्यायचं. मग बाजारात पुड्या मिळायला लागल्या, त्यात काय असतं याची खात्री वाटेना. अंजनवेलला नात्यातल्या एका लग्नाला गेल्या असताना वाटेतल्या तळीच्या कडेला त्यांना तो दिसला, आणि पिशवी भिजवून चार रोपं त्यांनी मांडीवर घेऊन आणली. विहिरीमागे जिथे सांडपाणी साचतं आणि आळू माजतं, तिथे लावली. पहिल्याच वर्षी गच्च वाढला. पण तो भात पिकायच्या आधीच गळतो. त्या लोंब्यांना जुन्या धोतराच्या फडक्याची पुरचुंडी बांधायच्या, तरी अर्धा पाण्यात पडायचाच. आणि पावसात आळवातलं पाणी बांधाच्या मोरीतून खाली दर्शनाच्या खाचरात उतरायचं.

हे त्यांना चार वर्षं दिसत होतं. पाहिलं नव्हतं, इतकंच.

मागच्या कार्तिकात पाहिलं. महिलांच्या गटासाठी दर्शनाने ते खाचर बियाण्याच्या भातासाठी नोंदवलं होतं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने मध्येच वाकून एक लोंबी तोडली, तळहातावर चोळली आणि सगळ्यांना दाखवली. तांबडा दाणा. प्लॉट नापास झाला. मालिनीबाई बांधावर उभ्या होत्या. देवभातही आतून तांबडाच, आणि त्या लोंबीला लांब कुसळ होतं, ते तिथूनही दिसत होतं.

त्यांना कुणी काही विचारलं नाही. सगळे भिकूदादांकडे पाहत होते.

भिकू हा दर्शनाचा चुलत सासरा. सत्तरी ओलांडलेला, ताठ. दर्शनाचा नवरा मिरजोळ्याला एमआयडीसीत पाळीवर जायचा, शेतीचं सगळं भिकूदादांच्या हाती होतं. बियाणं भिजत घालण्यापासून रोपांचा तरवा पेरण्यापर्यंत. त्यांच्या घरात त्यांच्या बापापासून चालत आलेला एक तांबडा भात होता. दर वर्षी ते त्याचं बियाणं पेंढ्याच्या दोन मुड्यांत बांधून माळ्यावर टांगत, आणि वाडीत कुणाचं बियाणं सडलं की लोक त्यांच्याकडे येत. गटाचं बियाणं त्यांच्याच अंगणात भिजलं होतं. तांबडा दाणा म्हटल्यावर आणखी कुणाचं नाव येणार. दर्शना सगळ्यांसमोर एकच वाक्य बोलली, की काका, तुमच्या मुडीचा लोभ आम्हाला नडला. त्या दिवसापासून भिकूदादा तिच्या ओटीवर चढले नव्हते.

एकदा, हे सगळं होण्याच्या कितीतरी आधी, त्यांनी मालिनीबाईंना आळवात लोंब्या बांधताना पाहून चेष्टा केली होती. आमच्या शेतात आता बैल हाय कुठं, सगळा टिलरनं होतो, तर आमचा भात तुमच्या ऋषीला चालायला हवा, जरा देवाला विचारून बगा. बाई हसल्या होत्या. विचारलं मात्र नव्हतं.

*

भिकूदादा एक दिवसाआड यायचे. विहिरीवर कळशी भरायच्या निमित्ताने, पण कळशी आधी पायरीवर ठेवून ट्रेपासून चार हात लांब बसायचे. हात मांडीखाली घेऊन, जणू चुकून माती हलली तर आळ यायचा.

"आज किती आले, बाई?"

"पहिल्यात दोन. दुसऱ्यात तीन."

"चौथ्यात?"

"तीन."

ते मान हलवायचे. स्वप्नाने त्यांनाही समजावलं होतं, कुठल्या ट्रेची वाट पाहायची ते त्यांना ठाऊक होतं. खरा आकडा दुसऱ्या दिवशी चौदा होता आणि तिसऱ्या दिवशी अकरा. हे आकडे लिहिले नाहीत तरी मालिनीबाईंना विसरता येत नव्हते. जपाची माळ ओढताना एकशेआठच्या आत कुठेतरी ते मध्येच यायचे, आणि मेरुमणी हाताला लागला तरी किती झाले ते कळायचं नाही.

एकदा ते नेहमीपेक्षा लवकर आले. बाईंनी अजून उपटलं नव्हतं. त्यांची चाहूल लागली तशी बाईंनी चौथ्या ट्रेवर ओलं फडकं टाकलं. भिकूदादांनी फडक्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं.

"ऊन लागतं त्याला," बाई म्हणाल्या.

"लागायचाच. वैशाख हाय."

त्या दिवशी दुपारी बाईंनी विहिरीचं पाणी काढलं आणि चौथा ट्रे काठोकाठ भरला. मातीवर दोन बोटं पाणी, आणि वर तेच फडकं. स्वप्नाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की असं करू नका, साचलेल्या पाण्याखाली बियांना हवा मिळत नाही, ती उगवत नाहीत. मरतही नाहीत बाई, दम धरून बसतात, असं म्हणाली होती. बाईंना तेव्हा ते फक्त सूचना म्हणून लक्षात राहिलं होतं.

त्यानंतर चौथ्या ट्रेत काही उगवलं नाही. रोज एखाद-दुसरा आकडा त्या मनाने लिहीत, बाकीच्या ट्रेंकडे बघून, शोभेल असा. हात इतका सरावला की पेन अडखळायचं थांबलं. एक दिवस आपण शून्य रोपांसमोर दोन लिहिताना ओठांत नामस्मरण करतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी ओठ मिटून घेतले.

*

पाच आठवड्यांनी स्वप्ना सुट्टीला आली. ती यायच्या आदल्या दिवशी बाईंनी ट्रे कलता करून पाणी काढून टाकलं होतं. बाईंच्या ओटीवर बसून तिने वहीतल्या बेरजा केल्या. दर्शना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. भिकूदादा खाली अंगणात होते, वर या म्हटलं तरी आले नाहीत.

"सारखंच आलंय," स्वप्ना म्हणाली. तिच्या आवाजात थोडी निराशा होती. "चारही ठिकाणी. कडेनं नाही आलेलं."

 विहिरीच्या रहाटावर एक कावळा बसला होता, तो उडाला.

"मग माझाच हात चुकला," भिकूदादा म्हणाले.

दर्शना म्हणाली, झालं ते झालं. पण ते तिच्याशी बोलत नव्हते. त्यांनी हळूहळू, आठवून आठवून सांगायला सुरुवात केली. बियाणं भिजवलं त्या दिवशी मुडी खाली उतरवली होती, उन्हात टाकायला. चटई तीच असेल. आपण ती झटकली असं आपल्याला वाटत होतं, इतके दिवस तेच सांगत होतो. पण झटकली नसेल. आता आठवतंय, बहुतेक नव्हतीच झटकली. मालिनीबाईंनी हातातला पाण्याचा तांब्या घट्ट धरला. त्यांच्या समोर एक माणूस न केलेली गोष्ट आठवत होता, आणि ती त्याला दिसायलाही लागली होती.

"सा महिने सूनबाईला उगाच दोष दिला मनात," ते म्हणाले. मग कळशी न भरताच गेले.

जाताना स्वप्नाने सांगितलं, ट्रेमधली माती आता माडाच्या आळ्यात ओतून टाका, काम झालं. बाईंनी हो म्हटलं.

त्या दिवशी ओतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालून त्या मागे वळल्या आणि चौथा ट्रे हिरवा झालेला दिसला. पहिल्या-दुसऱ्यात एखाद-दुसरी काडी. इथे मात्र मुठीने पेरावं तसं, एकमेकांना खेटून, सगळी एकाच रात्रीत उठल्यासारखी.  माडाचं आळं दहा पावलांवर होतं.

तेवढ्यात वाऱ्यावर वास आला. उकडायला लावलेल्या भाताचा, ओलसर, टरफलाचा. वाडीत या दिवसांत असं भात कुणी उकडत नाही. धूर भिकूदादांच्या अंगणातून येत होता.

उकडलेलं भात पुन्हा रुजत नाही. हे स्वप्नाने सांगायची गरज नव्हती.

*

ट्रे जड होता. ओल्या मातीने कडा वाकत होत्या. छातीशी धरून मालिनीबाई बांधावरून चालत गेल्या, पदराला तांबडा चिखल लागला. सोवळ्याची साडी होती. बौद्धवाडीतल्या त्या अंगणात त्या बोलावणं आलं की यायच्या, बारशाला, लग्नाला, बुद्धपौर्णिमेच्या खिरीला. बोलावल्याशिवाय आज पहिल्यांदा आल्या होत्या.

तीन दगडांवर तांब्याचा हंडा होता. भिकूदादा कलथ्याने भात वरखाली करत होते. बाजूला मुडीचा उसवलेला पेंढा पडला होता, त्याची दोरी मात्र नीट गुंडाळून ठेवलेली. दर्शना आणि स्वप्ना पलीकडच्या ओटीवरून सांगत होत्या की काका, असं करू नका, घरच्या पेरणीला तरी राहू द्या. ते ऐकत नव्हते. दोषाचं बी ठेवायचं नाही, एवढंच एकदा म्हणाले होते, असं स्वप्नाने नंतर सांगितलं.

बाईंनी ट्रे जमिनीवर ठेवला.

"भिकूदादा, ते बी तुमचं नव्हतं. माझं होतं."

त्यांनी कलथा थांबवला.

बाईंनी उभ्यानेच सांगितलं. आळवातला देवभात, गळलेले दाणे, बांधाची मोरी. कार्तिकात बांधावरून पाहिलेली लोंबी. मग वहीचं सांगायची वेळ आली तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली गेला की दर्शना ओटीवरून उतरून जवळ आली. पहिल्या दिवशी एकोणीस होते, मी चार लिहिले. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी अकरा. मग मी पाणी भरून ठेवलं. पुढचे सगळे आकडे माझ्या मनाचे.

स्वप्ना ट्रेशी वाकली होती. तिने एक रोप उपटून टरफल पाहिलं, कुसळ बोटाने सरळ केलं. मग तिने बाईंकडे पाहिलं ते चौथीतल्या मुलीसारखं, फळ्यावरचं गणित चुकलेलं दिसतंय पण सांगायचं कसं, असं.

दर्शना बोलली.

"मी त्यांना सगळ्यांदेखत बोलले, बाई. तुम्ही बांधावर होतात."

"हो."

"आणि परवा त्यांनी माझी माफी मागितली. माझी."

 पदराने तोंड पुसून दर्शना हंड्याकडे वळली. आत पाहिलं. तोवर भिकूदादांनी जळती लाकडं बाहेर ओढली होती आणि त्यांवर पाणी मारत होते. धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. त्यांनी कलथ्यावर थोडं भात घेऊन फुंकर मारली. टरफलं उकलली होती, आतला दाणा दिसत होता.

"ही गेली," ते म्हणाले. "दुसरी माळ्यावर हाय. आज दुपारी तिची पाळी होती."

 मालिनीबाईंना वाटलं ते आता आपल्याला बोलतील. निदान आवाज चढवतील. त्यासाठीच त्या उभ्या होत्या, खरं म्हणजे. पण त्यांनी कलथा हंड्यावर आडवा ठेवला, हात धुतले आणि ट्रे उचलला.

"हितं कोंबड्या येतील," ते म्हणाले आणि बांधाच्या वाटेला लागले.

बाई मागून चालत गेल्या. परसात त्यांनी ट्रे जागेवर ठेवला, तिसऱ्याच्या शेजारी, पूर्वी होता तसा, वर लिहिलेला आकडा पुढे करून. कडेला साचलेलं पाणी बोटाने वाट करून काढून दिलं. बाईंनी प्यायला पाणी देऊ का विचारलं, तर नको म्हणाले.

"उद्यापासनं मोजायला मी येईन," ते म्हणाले. "तुमची पूजेची वेळ असते ती. तुम्ही पूजा करा."

रागावलेलं काही त्यात नव्हतं. शाळेतल्या शिपायाला सांगावं तसं साधं. तेच बाईंना रात्रभर पुरलं.

*

दुसऱ्या दिवशी सातला परसाचं फाटक वाजलं. मालिनीबाई देवासमोर बसल्या होत्या. गंध उगाळून झालं होतं, समोर ताम्हनात देव आंघोळ करून वाट पाहत होते. मागच्या दारातून आवाज येत होता. भिकूदादा मोठ्याने मोजत होते. सवयीनेच असेल, मळणीच्या वेळी पायल्या मोजतात तशी प्रत्येक आकड्यानंतर थोडी उसंत घेऊन. आकडा म्हणायचा, रोप उपटायचं, बाजूला ठेवायचं.

एकोणीस झाले. बाईंनी फूल उचललं. ते वाहायला हात पुढे केला आणि तसाच राहिला, कारण वीस झाले, एकवीस झाले. तीस झाले तेव्हा हातातल्या जास्वंदीची पाकळी मिटायला लागली होती. देवाकडे बघवत नव्हतं, म्हणून त्या जमिनीकडे बघत ऐकत राहिल्या. कुठेही आवाज चढला नाही, घाई झाली नाही.

मग मोजणं थांबलं.

"बाई."

त्या उठून मागच्या दारात गेल्या. भिकूदादा चौथ्या ट्रेपाशी उकिडवे बसले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. चिऱ्यावर रोपांच्या दहा-दहाच्या जुड्या, आणि शेवटी सुटी तीन.

"चष्मा घरी राह्यला," ते वर न बघता म्हणाले. "वही घ्या. लिवा."

बाईंनी वही घेतली. तारीख घातली. 

"त्रेचाळीस."

त्यांनी लिहिलं.

"वाचा."

"त्रेचाळीस," मालिनीबाईंनी वाचलं.

भिकूदादांनी मान वर केली. वहीकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून ते तिसऱ्या ट्रेकडे सरकले.